रिकाम्या कोपऱ्यातली मावशी

मानवजातीच्या इतिहासात असे क्षण फार थोडे येतात, जेव्हा पृथ्वीचं भवितव्य एका प्रश्नाच्या उत्तरावर येऊन ठेपतं. असा एक प्रश्न त्या वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडला आणि बरेच आठवडे तिथून हलला नाही. घरात जो कोणी येई, तो चपला काढता काढता तोच विचारी :

“मावशी उठली का?”

मावशी म्हणजे एक सील. भल्यामोठ्या लोडाला मिशा आणि ओले डोळे लावले की सील तयार होते. ही सील पृथ्वीच्या अगदी तळाकडच्या, बारा महिने बर्फ पांघरून असलेल्या समुद्रात राहत होती. तिच्या झोपेची चौकशी आमच्या घरात व्हायची, याला कारण आमची सूनबाई.

सूनबाई ध्रुवीय समुद्रांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत संशोधक आहे. शेजाऱ्यांना आम्ही ‘ती ऑफिसात जाते’ एवढंच सांगतो. खरं सांगितलं की लोक पेंग्विनचं पिल्लू मिळेल का, म्हणून विचारतात. त्या तळाकडच्या समुद्राचा एक मोठा तुकडा सगळ्या देशांनी मिळून राखीव ठेवला आहे. तिथे मासेमारीची जहाजं जायची नाहीत. पण देश हे नातेवाइकांसारखे असतात. एकदा ‘हो’ म्हणाले, तरी अधूनमधून जाऊन पुन्हा समजूत काढावी लागते. म्हणून सूनबाईसारखी माणसं त्या समुद्रावर कायम नजर ठेवतात. मासे किती, पाणी किती खारट, पिल्लं किती जगली, हे बघतात आणि नकाशावरचा कुठला तुकडा का राखायचा, याचा पुरावा गोळा करतात.

त्या नकाशावर एक कोपरा कोरा होता. तिथला बर्फ इतका जाड, की जहाज शिरत नाही. जहाज शिरत नाही म्हणून माहिती नाही. आणि माहिती नाही म्हणून एका देशाचे प्रतिनिधी दर बैठकीत उठून म्हणत, “तिथे आहे काय? उथळ पाणी आणि सपाट तळ. काहीच नाही त्याची राखण कशाला? तो कोपरा मोकळा करा.” त्यांच्या देशाच्या जहाजांना तोच कोपरा का हवा होता, हे विचारणं सभ्यपणाचं नव्हतं. संस्थेत त्यांना सगळे ‘हरकतकाका’ म्हणत. काकांनी एकदा चहाच्या सुट्टीला हरकत घेतली होती, आणि एकदा, गडबडीत, स्वतःच्याच ठरावाला. त्या बैठकीचा नियम असा, की सगळ्यांची संमती लागते. एकाचा हात वर झाला की ठराव आडवा. यंदा कोपरा राखीव ठेवायचा ठराव शेवटचा यायचा होता. यंदा पडला, की कोपरा गेला.

सूनबाईचा जीव त्या कोपऱ्यात अडकला होता, आणि तो लग्नाच्या आधीपासून. आमचा मुलगा दातांचा डॉक्टर. पहिल्याच भेटीत तिने त्याला तास दीड तास त्या कोपऱ्याबद्दल सांगितलं. ‘अगदी मागचा कोपरा, जिथे काहीच पोचत नाही आणि जिथे सगळी भानगड असते,’ ही कल्पना त्याला धंद्यामुळे चटकन समजली, आणि लग्न जमलं.

तिचा हिशेब साधा होता. त्या बाजूने येणाऱ्या सीली फार गुटगुटीत असतात. “जिथे काहीच नाही तिथून कोणी एवढं बाळसं धरून परत येतं का, बाबा?” ती मला विचारी. मी माझ्या परीने विचार करून नाही म्हणत असे. विज्ञानाला माझा पाठिंबा इतपतच आहे.

जहाज जात नाही, तर सील जाईल, असं ठरलं. तिकडच्या संशोधन-छावणीतल्या चमूने काही सीलींच्या डोक्यावर एकेक यंत्र चिकटवलं. आकाराने काडेपेटीच्या थोरल्या भावाएवढं. संस्थेत त्याला ‘टोपी’ म्हणतात. सील बुडी मारते तेव्हा टोपी खोली मोजते, पाण्याची ऊब आणि खारटपणा मोजते, आणि डोकं पाण्याबाहेर आलं की सगळं उपग्रहाला सांगून टाकते. उपग्रह ते सूनबाईच्या लॅपटॉपला सांगतो. वर्षातून एकदा सीलीचे जुने केस झडतात, त्यांच्याबरोबर टोपीही गळून पडते, आणि सील पुन्हा खाजगी आयुष्य जगायला मोकळी होते.

टोप्या घातलेल्या बहुतेक सीली जिथे सगळं आधीच माहीत होतं तिथेच गेल्या. संशोधकही बहुधा तेच करतात. एकच सील वाट वाकडी करून थेट कोऱ्या कोपऱ्यात गेली, बर्फातलं एक भोक पसंत केलं, आणि तिथे मुक्काम ठोकला. त्या दिवशी सूनबाईने मला उचललं होतं. खरोखर उचललं होतं. माझं वजन लक्षात घेता विज्ञानाचा तो विजयच म्हणायचा.

सीलीचा फोटो आला तेव्हा आमच्या हिने चष्मा लावून तो जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि म्हणाली, “अगं, ही तर माझी धाकटी मावशी! तीच मान, तोच बसायचा थाट. आता कोणी काही बोललं तर उत्तर देणार नाही, असं तोंड.” झालं. संस्थेच्या कागदोपत्री सीलीला एक लांबलचक क्रमांक होता. तो आठवडाभरात संस्थेतही सगळे विसरले.

पण मावशी कोपऱ्यात पोचली आणि गप्प झाली. सूनबाईच्या पडद्यावर दोन गोष्टी दिसत. एका बाजूला नकाशावर लाल ठिपका, दुसऱ्या बाजूला बुड्यांचा आलेख. ठिपका जागचा हलेना, आलेखावर रेघ उमटेना. याचा अर्थ एकच. मावशी बर्फावर पडून झोपा काढत होती.

लॅपटॉप जेवणाच्या टेबलावरच असे. त्यामुळे मावशीला समजावण्याची जबाबदारी सगळ्या घराने वाटून घेतली.

“अगं ऊठ बाई,” ही वाढता वाढता पडद्याला म्हणे. “लोकांनी विश्वासाने टोपी घातलीय तुला.”

“आई, तिला ऐकू जात नाही,” मुलगा म्हणे.

“तुलाही जायचं नाही. म्हणून मी हाका मारायची थांबले का?”

यावर मुलगा ताटात बघून जेवू लागे.

संस्थेच्या संचालकसाहेबांचा फोन रोज येई. गृहस्थ स्वभावाने चांगले, पण घाबरले की त्यांना योजना सुचत. “कोणी जाऊन तिला हळूच उठवू शकत नाही का?” त्यांनी विचारलं.

“सर, राखीव क्षेत्रात कुठल्याही प्राण्याला त्रास द्यायचा नाही, असा नियम आहे,” सूनबाई म्हणाली.

“कोणी केला हा नियम?”

“आपणच, सर. तुमची सही आहे.”

साहेबांनी चार दिवस विचार केला आणि नवीन योजना आणली. कोपऱ्यात मासे सापडत नसतील तर नसोत. तो कोपरा ‘सागरी सस्तन प्राण्यांचे विश्रांतिस्थान’ म्हणून राखायचा. त्यांनी झोपेच्या पर्यावरणीय महत्त्वावर स्वतः पानंच्या पानं लिहून काढली. आणि बातमी हरकतकाकांपर्यंत पोचलीही. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : “झोपायला एवढा समुद्र कशाला? एक खाट पुरे.”

सूनबाई हसली नाही. तिने लॅपटॉप मिटला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती टेबलावरून काही न खाता उठली. ही तिच्या मागोमाग गेली. आतून हिचा आवाज आला, “हे बघ, माझी मावशीसुद्धा शेवटपर्यंत काही कामाची नव्हती. त्यात तुझा काय दोष?” सांत्वनाची आमच्या घराण्याची हीच पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई सवयीने लॅपटॉप उघडून बसली होती. एका हातात टोस्ट, दुसऱ्या हातात चहा. टोपी प्रत्येक निरोपाबरोबर स्वतःची बॅटरी किती उरली तेही कळवते. सूनबाईची नजर त्या आकड्यावर गेली, आणि टोस्ट तोंडाशी जाता जाता अर्ध्या वाटेवर थांबला.

“बाबा,” ती म्हणाली, “एखादा माणूस रोज दिवसभर घरी झोपून असेल, तर त्याच्या चपला झिजतील का?”

“माझ्याबद्दल बोलत असशील तर—”

“तुमच्याबद्दल नाही बोलत. मावशीची बॅटरी बघा. भराभर उतरतेय. टोपी मोजायला लागली की बॅटरी खाते. ही मोजतेय! पण काय मोजतेय? आणि ते जातंय कुठे?”

मग ती एकदम गप्प झाली. इतकी गप्प, की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. आमच्या घरात आवाजाने कोणी बाहेर येत नाही. शांततेने येतात.

“चाळणी,” सूनबाई पुटपुटली. “अरे देवा. माझी चाळणी.”

आता ही चाळणी समजून घ्यायला हवी. या टोप्या कधीकधी बरळतात. एखादी सील चंद्रावर पोहून आली, असंही कळवतात. म्हणून सूनबाईने फार पूर्वी एक प्रोग्राम लिहिला होता. आलेली माहिती त्यातून गाळली जाई, आणि जे अशक्य ते बाजूच्या टोपलीत पडे. तिकडे कोणी बघत नसे. अशक्य म्हणजे काय? तर उदाहरणार्थ, समुद्राच्या तळापेक्षा खोल मारलेली बुडी. सील जमीन फोडून खाली जाऊ शकत नाही, इतकं विज्ञानाला नक्की माहीत होतं. कोपऱ्यातला तळ नकाशाप्रमाणे उथळ होता, आणि मावशीची एकेक बुडी त्याच्या तिप्पट खोल होती. ती वर आली की इमानदारीने सगळं सांगे, आणि सूनबाईचा प्रोग्राम ‘काहीतरीच काय’ म्हणून ते टोपलीत टाके. ती पुन्हा जाई, पुन्हा येई, पुन्हा सांगे. हे सगळे आठवडे मावशीने एकाच भोकातून खालीवर करण्यात घालवली होती, म्हणून ठिपका हलत नव्हता. आणि आम्ही रोज जेवताना तिला आळशी म्हणत होतो.

सूनबाईने टोपली उघडली. पडदा भरून रेघा आल्या. खाली जाणाऱ्या, वर येणाऱ्या, पुन्हा खाली जाणाऱ्या. दाटीवाटीने, जशा लग्नाच्या दारात चपला.

“म्हणजे मावशी जमिनीत शिरली?” हिने छातीवर हात ठेवून विचारलं.

“नाही आई.” सूनबाईचा आवाज हसण्याच्या आणि रडण्याच्या बरोबर मधे होता. “तिथे जमीनच नाहीये!”

“जमीन नाही?”

“दरी आहे! समुद्राखाली दरी आहे! नकाशा चुकलाय! तिथे कधी कोणी गेलंच नव्हतं. या बाजूला उथळ, त्या बाजूला उथळ, म्हणून मधेही उथळच असणार, असं धरून कोणीतरी पट्टीने रेघ ओढून टाकली!”

“स्थळं जुळवतात तशी,” ही म्हणाली. “दोन्हीकडची माणसं चांगली, म्हणजे मुलगा चांगलाच असणार.”

आणि मग सूनबाई मला अंगणात नाचवायला निघाली. अंगण आम्हाला नाही, म्हणून आम्ही टेबलाभोवती नाचलो. सूनबाई अर्धवट खाल्लेला टोस्ट हवेत फिरवत “दरी! दरी!” म्हणून ओरडत होती. मुलाचा दवाखाना आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर. वरचा धुडगूस ऐकून तो तोंडावर मास्क आणि हातात आरसा घेऊन धावत आला. “काय पडलं?”

“तळ!” त्याची बायको म्हणाली, आणि तिने त्याला गळामिठी मारली.

त्याला आनंदाच्या भरात खाली काय सोडून आलो, हे आठवायला थोडा वेळ लागला. दारात एक गृहस्थ उभे होते. गळ्यात निळा टॉवेल, गालात कापूस, जबडा बधिर. त्यांना खालच्या खुर्चीत तोंड उघडून बसवून ठेवलं होतं, आणि त्यांनी कुतूहलाने जिना चढला होता. सूनबाईने त्यांना पाच मिनिटांत सगळं समजावलं. गृहस्थांनी बोलायचा प्रयत्न केला, तो साधला नाही, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून नाचायला सुरुवात केली. शास्त्रीय शोधाचं इतकं मनमोकळं स्वागत एखाद्या अकादमीतसुद्धा होत नसेल.

संचालकसाहेबांना मात्र घाम फुटला. “यंत्र बिघडलं असणार,” ते फोनवर म्हणाले.

“सर, खोली मोजणारं वेगळं, ऊब मोजणारं वेगळं, खारटपणा मोजणारं वेगळं. तिघं एकाच वेळी बिघडतील, आणि प्रत्येक बुडीत एकमेकांशी जुळवून खोटं बोलतील?”

“सरकारी समित्यांत बोलतात,” साहेब अनुभवाने म्हणाले. पण मग त्यांनी रेघा पाहिल्या. खाली गेल्यावर पाणी थोडं उबदार, थोडं जास्त खारट. म्हणजे ते बाहेरच्या खोल समुद्रातून त्या दरीच्या वाटेने आत येत होतं. मासे त्याच पाण्याबरोबर आत येत होते, आणि आजूबाजूच्या राखीव समुद्राला अन्नपाणी पुरवणारी वाट तीच होती. काहीच नसलेला कोपरा हा त्या घराचा दरवाजा निघाला. साहेबांनी झोपेवरची ती सगळी पानं गपचूप कपाटात ठेवून दिली, आणि म्हणाले, “पण ते चाळणीचं काही बोलायला नको. आपलीच माहिती आपणच फेकत होतो, हे बरं दिसत नाही.”

“तेच आधी सांगणार आहे, सर,” सूनबाई म्हणाली.

बैठकीच्या आधल्या आठवड्यात टोपी बोलायची थांबली. “मावशी गेली?” हिने घाबरून विचारलं. “टोपी गेली, आई. मावशी नवे केस लेवून मजेत असेल,” असं सांगितल्यावरच ती जेवली.

बैठक संस्थेच्याच मोठ्या सभागृहात होती. घरच्यांना मागच्या रांगेत बसायची परवानगी होती. आमच्या गळ्यात ‘निरीक्षक’ असं कार्ड अडकवलं होतं, आणि ही ते इतकं मनावर घेऊन बसली होती, की एका राजदूताला तिने नीट बसायला सांगितलं. तो बसला.

सूनबाई बोलायला उभी राहिली. तिने आधी चाळणीचं सांगितलं, मग टोपलीचं, मग दरीचं. पडद्यावर मावशीचा फोटो आला तेव्हा सभागृहात हलकीच खसखस पिकली. बोलणं संपल्यावर हरकतकाका उठले. उंच, काटकुळे, कोटाची सगळी बटणं लावलेले. सूनबाईने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

“म्हणजे तुमची माहिती अशी, की तुमची आधीची माहिती चुकीची होती?”

“हो.”

“आणि खरी माहिती तुम्ही स्वतःच फेकून देत होता?”

“हो.”

“हे तुमच्या लक्षात कोणी आणून दिलं?”

“कोणी नाही. माझं मलाच कळलं.”

“तळ उथळ असल्याचं मी इतकी वर्षं म्हणत होतो, ते कशाच्या आधारावर?”

“आमच्याच नकाशाच्या,” सूनबाई म्हणाली. “त्याबद्दल माफ करा.”

“कठीण आहे,” काका म्हणाले. “तुम्ही भांडायला जागाच ठेवली नाहीत.” आणि खाली बसले. म्हणजे काय समजायचं, ते कोणालाच समजेना. संचालकसाहेबांनी रुमालाने मान पुसली.

अध्यक्षबाईंनी ठराव वाचला. कोपरा, दरीसह, राखीव क्षेत्रात कायम ठेवावा. त्या बैठकीत ‘हो’ म्हणायची पद्धतच नाही. अध्यक्ष विचारतात, ‘कोणाची हरकत?’ आणि कोणी काही बोललं नाही, की हातोडी आपटतात. ठराव मंजूर.

“कोणाची हरकत?”

सभागृहात कागद हलेना. हिने माझा हात धरला आणि बोटं मोडायचीच तेवढी बाकी ठेवली. मुलाने डोळे मिटून घेतले होते, जसे त्याचे पेशंट घेतात. सूनबाई सरळ उभी होती. हातोडी वर गेली.

आणि हरकतकाकांचा हात वर झाला.

मागच्या रांगेत कोणीतरी “अरे देवा” म्हणालं. निरीक्षकांनी बोलायचं नसतं, पण ही नियम मोडून बोलली होती. अध्यक्षबाईंची हातोडी हवेतच राहिली. काका हळूहळू उठले, कोटाचं वरचं बटण चाचपलं, माइक जवळ ओढला.

“आमच्या देशाची,” ते म्हणाले, आणि थांबले. तेवढ्यात सूनबाईचा रंग दोनदा बदलला. “आमच्या देशाची हरकत नाही. हातोडी मारा.”

सूनबाई मटकन खुर्चीत बसली. संचालकसाहेबांनी शेजारच्या परक्या देशाच्या प्रतिनिधीला मिठी मारली. ही उभी राहून टाळ्या वाजवत होती, मुलगा शिट्टी वाजवत होता, आणि हातोडीचा आवाज त्या गलक्यात कोणाला ऐकूही गेला नाही. काका मात्र अजून उभेच होते, हात अजून वर. गलका ओसरेपर्यंत त्यांनी सभ्यपणे वाट पाहिली. मग माइकमध्ये पुन्हा खाकरले, आणि सगळे पुन्हा चिडीचूप झाले.

“एक विनंती आहे,” ते म्हणाले. “इतिवृत्तात नाही घेतलीत तरी चालेल. तो एसी जरा कमी करता का? सकाळपासून पाय गारठलेत माझे.”